बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय अकादमिक नेटवर्कचे सदस्यत्व : गोव्यातून घ्यावे का?

बालहक्क हा विषय शिकवणाऱ्या आणि त्यावर संशोधन करणाऱ्या विद्यापीठांचे व अभ्यासकांचे हे नेटवर्क आहे. त्याचा कारभार युरोपातील एका विद्यापीठातून चालतो आणि सदस्यांमध्ये तिकडच्याच संस्थांचा भरणा मोठा असला, तरी आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील अभ्यासकांनाही वैयक्तिक सदस्यत्व मिळू शकते. गोव्यातील एका विधी महाविद्यालयात बालकांसंबंधीचे कायदे शिकवत असताना मी हे सदस्यत्व घेतले आणि पुढे त्याचे नूतनीकरणही केले. नेटवर्कचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण काही तक्रारीही मांडायच्या आहेत आणि त्यांपैकी बऱ्याच तक्रारी अशा प्रकारच्या कोणत्याही नेटवर्कला लागू पडतील. गोव्यातील आणि महाराष्ट्रातील अध्यापक, पीएच.डी. करणारे विद्यार्थी आणि मुलांसोबत काम करणाऱ्या संस्थांतील कार्यकर्ते सदस्यत्वाबद्दल वारंवार विचारतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे. थोडक्यात उत्तर हवे असेल तर ते असे : येथे पैसा मिळत नाही, पुस्तके मिळत नाहीत, पण आपले लिखाण मनापासून वाचणारी माणसे मिळतात.

या वाचकांचे मोल कळण्यासाठी विषयाची रचना लक्षात घ्यावी लागते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्क करार २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारला, तो २ सप्टेंबर १९९० पासून अमलात आला आणि भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी त्याला मान्यता दिली. अमेरिकेचा अपवाद सोडला तर संयुक्त राष्ट्रांचे सर्व सदस्य देश आज त्याला बांधील आहेत. करार एक असला, तरी त्याचा अभ्यास कोणत्याही एका विद्याशाखेत मावत नाही. विधी, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र, बालरोगशास्त्र आणि समाजकार्य या सर्वांना त्यात वाटा आहे. नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र एलएल.एम. अभ्यासक्रम आहे, जिनिव्हा विद्यापीठाचे बालहक्क अभ्यासकेंद्र आहे आणि आपल्याकडे बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातही बालक व कायदा या विषयाचे केंद्र आहे. गोव्यात मात्र हा विषय शिकवणारी व्यक्ती आपापल्या महाविद्यालयात बहुधा एकटीच असते. शेजारच्या टेबलावरचे सहकारी करारकायदा किंवा करआकारणी शिकवत असतात, आणि आपला मसुदा त्यांनी सौजन्याने वाचला तरी शुद्धलेखनापलीकडे फारसे काही सुचवता येत नाही, यात त्यांचा दोष नाही.

अर्ज करणे वाटते तितके अवघड नाही. संकेतस्थळावर एक फॉर्म भरायचा, दोन पानांची आपली माहिती जोडायची, आपल्याला सदस्यत्व का हवे याचे एक पानी निवेदन लिहायचे आणि विभागप्रमुखांचे किंवा प्राचार्यांचे पत्र द्यायचे. अडचण येते ती शिफारशीची, कारण आधीपासून सदस्य असलेल्या एका व्यक्तीचा पाठिंबा लागतो आणि गोव्यात बसून अशी व्यक्ती शोधायची कुठे, हा प्रश्नच असतो. माझ्या बाबतीत ज्यांचा लेख मी वर्गात शिकवत होते, त्या लेखिकेलाच त्या लेखाविषयी एक नेमकी शंका विचारणारे पत्र पाठवले, त्यातून पत्रव्यवहार झाला आणि पुढे त्यांनीच शिफारस केली. नेटवर्कची काही ऑनलाइन व्याख्याने सर्वांसाठी खुली असतात. तेथे हजेरी लावून, चर्चेत एखादा चांगला प्रश्न विचारून ओळख करून घेणे हा त्याहूनही सरळ मार्ग आहे. निवेदनात ‘मला मुलांविषयी कळकळ आहे’ यासारखी वाक्ये लिहू नयेत. ती सगळेच लिहितात. आपल्याजवळ असे काय आहे जे इतर सदस्यांजवळ नाही, हे लिहावे. गोव्याच्या अर्जदाराजवळ ते निश्चितच असते, त्याविषयी पुढे लिहिले आहे.

शुल्काची पद्धत न्याय्य आहे. जागतिक बँकेच्या उत्पन्नगटांनुसार देशांची विभागणी केलेली असून भारत निम्न-मध्यम गटात असल्याने शुल्क बरेच कमी पडते, आणि विद्यार्थ्यांना त्याहून कमी. वैयक्तिक शुल्क कार्डाने भरता येते. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय व्यवहाराची मुभा आधी चालू करावी लागते, आणि विनिमय दरावर बँक जे वरचे पैसे लावते ते मनात धरूनच हिशेब करावा.

महाविद्यालयाच्या नावाने संस्थात्मक सदस्यत्व घ्यायचे ठरवले, तर मात्र कसोटी लागते. एका परिचित महाविद्यालयाने हा प्रयत्न केला तेव्हा लेखा विभागाने खरेदीच्या नियमानुसार तीन कोटेशने मागितली. जगात या प्रकारचे नेटवर्क भाजीसारखे तीन दुकानांत मिळत नाही, हे पटवण्यातच बरेच दिवस गेले. त्यानंतर युरोमधील देयकावर जीएसटी क्रमांक नाही ही हरकत आली, मग परदेशी पैसे पाठवण्यासाठी बँकेचा ए-२ फॉर्म, त्यासोबत आयकराचा १५सीए फॉर्म, आणि तो भरण्यासाठी सनदी लेखापालाची सही हवी की नको यावर खल झाला. एवढे होईपर्यंत ३१ मार्च उलटला आणि मंजूर झालेली रक्कम रद्द ठरली. नेटवर्कच्या कार्यालयाने या काळात एक साधे पत्र, म्हणजे हे शुल्क कशाचे आहे आणि ही संस्था नफ्यासाठी चालत नाही एवढे सांगणारे, वेळेत दिले असते तर बरेच काम सोपे झाले असते. पण ते पत्र मागितले तेव्हा ऑगस्ट होता आणि ऑगस्टमध्ये तेथील कार्यालय जवळजवळ बंद असते. आपल्याकडे नेमके त्याच महिन्यात सत्र भरात असते. म्हणून ज्यांना संस्थात्मक सदस्यत्व हवे आहे त्यांनी जूनमध्येच कागदपत्रे मागवावीत, आणि शक्य असेल तर पहिले वर्ष वैयक्तिक सदस्यत्वावरच काढावे.

ऑनलाइन व्याख्यानांच्या वेळा बऱ्या आहेत. मध्य युरोपात दुपारी दोनला सुरू होणारे सत्र आपल्याकडे उन्हाळ्यात साडेपाचला आणि हिवाळ्यात साडेसहाला येते. तिकडे मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या अखेरीस घड्याळे बदलतात हे तेवढे ध्यानात ठेवावे लागते. पणजीतून डिचोली किंवा सत्तरीकडे बसने परतणाऱ्यांना ही वेळ नेमकी प्रवासात सापडते, आणि पावसाळ्यात गावात वीज गेली की इन्व्हर्टरच्या भरवशावर राहावे लागते. व्याख्यानांचे ध्वनिचित्रमुद्रण सदस्यांना नंतर पाहता येते. दर्जा मात्र कमीजास्त असतो. मुलांच्या डिजिटल हक्कांवरील २०२१ च्या २५ क्रमांकाच्या सर्वसाधारण टिप्पणीवर (संयुक्त राष्ट्रांची बालहक्क समिती कराराचा अर्थ उलगडण्यासाठी अशा टिप्पण्या काढते) झालेली सत्रे उत्तम होती, तर काही सत्रे म्हणजे प्रकल्पाचा अहवाल वाचून दाखवण्यापलीकडे काहीच नव्हते.

नियतकालिकांबद्दल गैरसमज होऊ नये. सदस्यत्व घेतले की बालहक्कांवरची आंतरराष्ट्रीय नियतकालिके फुकट वाचायला मिळतील, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. संशोधन नियतकालिके वाचायला उपलब्ध करून देणारी केंद्र शासनाची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली असून शासकीय संस्थांना तिचा लाभ मिळतो, तेव्हा आपली संस्था तीत बसते का हे आधी ग्रंथपालांना विचारून घ्यावे. नेटवर्कचे लाभ वेगळ्या प्रकारचे आहेत.

त्यांतील सर्वांत मोलाचा लाभ म्हणजे मसुदा वाचनगट. दर महिन्याला एका सदस्याचा अप्रकाशित लेख आधी सर्वांना पाठवला जातो, त्यावर दोघांनी लेखी टिपणे द्यायची असतात आणि मग तासाभराची चर्चा होते. माझा लेख गोवा बाल कायदा, २००३ वर होता. ज्यांना या कायद्याची माहिती नसेल त्यांच्यासाठी सांगते : नव्वदच्या दशकात गोव्यात मुलांच्या लैंगिक शोषणाचे एक मोठे प्रकरण उघडकीस आले आणि मुलांसाठी आश्रयगृह चालवणाऱ्या एका इसमाला १९९६ मध्ये मडगावच्या न्यायालयाने जन्मठेप दिली. किनाऱ्यावरच्या पर्यटनाच्या आडून काय चालते याची चर्चा त्यानंतर थांबली नाही, आणि मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या केंद्राच्या पॉक्सो कायद्याच्या नऊ वर्षे आधी या छोट्याशा राज्याने स्वतःचा बाल कायदा केला. त्यात स्वतंत्र बाल न्यायालयाची तरतूद आहे, हॉटेलमध्ये राहणाऱ्या मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी व्यवस्थापकावर आहे, फोटो स्टुडिओंवरही मुलांच्या अश्लील छायाचित्रांसंबंधी कर्तव्ये घातली आहेत आणि पंचायतींच्या पातळीवर ग्राम बाल समित्यांची कल्पना आहे. बालकावरील अत्याचाराची व्याख्या इतकी व्यापक आहे की मुलाच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणारे शब्दही तीत येतात. या व्यापकपणाला सीमा असते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये शाळेच्या दप्तराने मारल्याच्या एका गोव्यातील प्रकरणात दाखवून दिले. किरकोळ, हेतूविरहित घटनेला अत्याचाराचे कलम लावता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

माझ्या मसुद्यात ही सगळी माहिती होती, आणि आपल्याकडच्या एखाद्या चर्चासत्रात तो लेख टाळ्या घेऊन गेला असता. वाचनगटात तसे झाले नाही. एका वाचकाने फोटो स्टुडिओच्या तरतुदीशेजारी विचारले की आता छायाचित्रे मोबाइलवर काढली जातात आणि थेट परदेशातील सर्व्हरवर जातात, तर २००३ च्या कायद्याने घातलेले हे कर्तव्य आज नेमके कोणावर पडते? दुसऱ्या वाचकाची हरकत अधिक मुळाशी जाणारी होती. बालकाचे म्हणणे ऐकले जाण्याचा हक्क सांगणाऱ्या कराराच्या बाराव्या अनुच्छेदाचा मी तीन ठिकाणी उल्लेख केला होता, पण ग्राम बाल समितीत मुले काय बोलतात आणि त्यावर पुढे काय होते याचे एकही उदाहरण लेखात नव्हते. त्यांनी लॉरा लंडी या अभ्यासिकेने २००७ मध्ये मांडलेली चार अंगांची चौकट वापरून पाहायला सुचवले. मुलाला बोलायला अवकाश मिळाला का, त्याचा आवाज व्यक्त झाला का, ज्याने ऐकायचे त्याने ऐकले का, आणि त्या ऐकण्याचा परिणाम झाला का, हे ते चार प्रश्न. ही चौकट लावल्यावर लक्षात आले की आपल्याकडचे बहुतेक लिखाण पहिल्या दोन प्रश्नांवरच थांबते : बालसभा झाली, मुलांनी रस्त्यावरच्या दिव्यांची मागणी केली, छायाचित्र वर्तमानपत्रात आले. त्या मागणीचा ठराव पंचायतीच्या इतिवृत्तात उतरला का, हे कोणी तपासत नाही. लेखाचा दुसरा भाग त्या एका टिपणामुळे संपूर्ण नव्याने लिहावा लागला आणि तो पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला झाला.

याच तोडीचा, पण अधिक झगड्याचा अनुभव संशोधननीती या कार्यगटाचा आहे. मुलांच्या मुलाखती घेताना वापरायचे संमतिपत्र, मुलांसाठी सोप्या भाषेतील माहितीपत्रक आणि गोपनीयतेची हमी यांचे तयार नमुने नेटवर्क देते. आपल्या अनेक महाविद्यालयांत मानव्यविद्यांच्या संशोधनासाठी नीतिसमितीच नसते, त्यामुळे हे नमुने हाती येणे ही फार मोठी सोय आहे. परंतु ते जसेच्या तसे वापरले तर भारतात संशोधक अडचणीत येईल. मुलाने मुलाखतीत अत्याचाराविषयी काही सांगितले तर परिस्थिती पाहून पुढचे पाऊल ठरवावे, अशी मोकळीक त्या नमुन्यात संशोधकाला आहे. आपल्याकडे पॉक्सोच्या कलम १९ नुसार अशी माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. शिवाय त्या कायद्याला अठरा वर्षांखालील कोणाचीही संमती मान्य नसल्यामुळे सतरा वर्षांच्या मुलीने आपल्या मित्राबद्दल मोकळेपणाने काही सांगितले, तरी हे कर्तव्य उभे राहू शकते. मग तिला गोपनीयतेची हमी कशी द्यायची? ती देऊच नये, आणि कोणती गोष्ट आपण स्वतःजवळ ठेवू शकणार नाही हे मुलाखत सुरू होण्यापूर्वीच तिला समजेल अशा शब्दांत सांगावे, असे आम्हा भारतीय सदस्यांचे म्हणणे होते. युरोपातील काही सहकाऱ्यांना यामुळे मुले गप्प बसतील अशी भीती वाटत होती, आणि ती भीती खोटी नाही.

वयाच्या बाबतीतही असेच झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सात ते बारा वर्षांच्या मुलाचा होकार तोंडी आणि त्यापुढे लेखी घ्यायचा असतो. या सूचना वैद्यकीय संशोधनासाठी असल्या तरी आम्ही सामाजिक संशोधकही त्यांचाच आधार घेतो. नेटवर्कच्या नमुन्यात पालकांना घरी पत्र पाठवून सही मागवायची पद्धत होती. वास्को परिसरातील कन्नडभाषक मजूर वस्तीत हे पत्र घेऊन गेलात तर आईवडील कामावर, घरात आजी, आणि आजीला इंग्रजी तर सोडाच पण मराठी-कोकणी अक्षरेही वाचता येत नाहीत, अशी स्थिती असते. तेथे कन्नड जाणणारी अंगणवाडी सेविका किंवा शिक्षिका सोबत घेऊन, संध्याकाळी कामावरून परतलेल्या पालकांशी बसून बोलावे लागते. कार्यगटाने अखेर देशनिहाय पुरवण्या जोडायचे मान्य केले आणि भारताच्या पुरवणीत या दोन्ही गोष्टी आल्या. मंजुरीला फार वेळ लागला. पण आपण लिहिलेले एक पान दुसऱ्या खंडातील संशोधक वापरतो, हे समाधान सदस्यत्वाच्या शुल्कात बसणारे नाही.

आता तक्रारी. वार्षिक परिषदेच्या रचनेत सिद्धान्त मांडण्याचे काम एका बाजूने करायचे आणि उदाहरणे पुरवण्याचे काम आपण करायचे, अशी वाटणी अजूनही दिसते. गोव्याचे नाव ऐकले की पर्यटन आणि शोषण एवढेच आठवते, हेही त्यातलेच. मुलांच्या खेळण्याच्या हक्कावर, म्हणजे अनुच्छेद ३१ आणि २०१३ ची १७ क्रमांकाची टिप्पणी यांवर, मी निबंध पाठवला होता. गावातील मोकळी मैदाने वाहनतळासाठी आणि बांधकामासाठी कशी जातात आणि त्याबाबत मुलांना कोणी विचारत कसे नाही, हा त्याचा विषय होता. कार्यक्रमपत्रिकेत तो निबंध पर्यटनाच्या सत्रात टाकला गेला, कारण शीर्षकात गोवा होता. पत्र लिहिल्यावर बदल झाला. बदलासाठी पत्र लिहावे लागले, हीच तक्रार. कामकाजाची भाषा इंग्रजी आहे, तेव्हा मराठीत किंवा कोकणीत मुले जे बोलतात त्याचे भाषांतर आपणच करून न्यायचे, त्याला इलाज नाही. सदस्यसूची जुनी झालेली असून बदली झालेल्या अनेकांचे जुने पत्ते तीत तसेच आहेत.

प्रवास-अनुदानाच्या आशेने कोणी सदस्य होऊ नये. ते थोड्यांना मिळते आणि त्यात विमानभाड्याचाही पूर्ण खर्च निघत नाही. सरकारी महाविद्यालयातील अध्यापकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : परदेशी संस्थेने राहण्या-जेवणाचा खर्च उचलला तर परकीय योगदान नियमन कायद्याच्या कलम ६ प्रमाणे शासकीय सेवकाला केंद्राची पूर्वपरवानगी लागते, आणि तो अर्ज निमंत्रण येताच करावा. व्हिसाची दगदग वेगळीच. पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्या गोमंतकीयांची तेवढी त्यातून सुटका होते. बढतीसाठी गुण मिळवण्याच्या दृष्टीने केवळ सदस्यत्वाचे प्रमाणपत्र फारसे उपयोगाचे नाही. त्यातून घडलेला लेख प्रकाशित झाला तर त्याचे गुण मिळतात, ते कोणत्याही मार्गाने मिळालेच असते.

स्वयंसेवी संस्थांतील कार्यकर्त्यांनी, विशेषतः ज्यांना लेख लिहायचे नाहीत त्यांनी, या सदस्यत्वावर खर्च करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. खुली व्याख्याने ऐकणे त्यांना पुरेसे आहे. पीएच.डी. करणाऱ्यांनी मात्र दुसऱ्या वर्षी, हातात किमान एक प्रकरण लिहून तयार असताना, विद्यार्थी-शुल्काच्या सवलतीत सदस्य व्हावे आणि अर्जासोबतच वाचनगटाच्या यादीत नाव नोंदवावे. त्या यादीतील क्रमांक येण्यास बरेच महिने लागतात, आणि सदस्यत्व वर्षाचेच असल्याने पहिल्या दिवशी नाव नोंदवले नाही तर शुल्क भरूनही आपला मसुदा वाचला जाण्याआधीच मुदत संपते.